पाटीवर नाव नसलेलं धुळ्याचं रीबोअरिंग वर्कशॉप आणि आमच्या खळ्यातला व्ही-८ ब्लॉक

या वर्कशॉपला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर निळ्या रंगात 'रीबोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, लाइन बोअर' एवढंच लिहिलंय. धुळ्यात पारोळा रोडला लागलं की आतल्या गल्लीत वळायचं आणि कुणालाही 'मिस्तरींचं लेथ' विचारायचं. टायरवाला सांगेल, चहावाला सांगेल. मी तिथे रीबोअर करायला, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरचं भोक (बोअर) कापून मोठं करून घ्यायला गेलो नव्हतो. माझ्याकडे एकच प्रश्न होता : हा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, मूळचा कुठला? एकतीस दिवस आणि तीन हजार चारशे रुपये लागले, पण उत्तर मिळालं. उत्तरामागचं प्रत्येक कारण मिस्तरींनी मला लोखंडावर बोट ठेवून दाखवलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी नरडाण्याला मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. पाणबुडी मोटारी, शेतीपंप, हेच रोजचं. जळालेली वाइंडिंग पाहून मोटार कशाने जळाली हे मला बहुतेक वेळा कळतं. इंजिनातलं मात्र फारसं कळत नाही.

आमच्या गावच्या खळ्यात निंबाखाली हा ब्लॉक माझ्या जन्माआधीपासून पडून आहे. आठ सिलिंडर, दोन्हीकडे चार-चार, मधे खोलगट. आम्ही लहान होतो तेव्हा एका बोअरमध्ये चिंचोके लपवायचो. नंतर कितीतरी वर्षं म्हशीचं दावं त्याच्या एका कानाला बांधलेलं असायचं. बोअरमध्ये माती भरली, एकात तर पावसाळ्यात गवत उगवायचं. घरात इतकंच माहीत होतं की हे आबांचं इंजिन. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी लढाईनंतर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर, डिस्पोजलचा (लष्कराने विकायला काढलेला) ट्रक घेतला होता आणि धुळे ते सेंधवा शेंगा-कापसाची भाडी मारली. डिझेलच्या गाड्या आल्यावर पेट्रोल परवडेना. ट्रक विकला, पण इंजिन काढून ठेवलं आणि शेंगा फोडायच्या यंत्राला जोडलं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात ते फुटलं, तेव्हापासून निंबाखाली.

गेल्या वर्षी भाच्याने त्याचा फोटो काढून कुठेतरी टाकला आणि आठवड्यात एक गृहस्थ गाडी घेऊन दारात आले. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार करतात. त्यांनी ब्लॉकभोवती तीन फेऱ्या मारल्या, मोबाइलची बॅटरी आत घालून पाहिलं आणि सांगितलं की हा अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचा व्हिंटेज ब्लॉक आहे. चाळीस हजार देतो म्हणाले. त्यांच्याकडे चार पुरावे होते. वॉल्व्ह आणि बोअर यांच्या मधलं लोखंड खरवडून खोल केलेलं होतं, एक्झॉस्टच्या तोंडांना ग्राइंडर लागलेला होता, पुढच्या अंगाला जादा भोकं पाडून आटे मारलेले होते आणि वरच्या पृष्ठभागाच्या कडेला ७४ असा आकडा ठोकलेला होता. तो म्हणे रेसचा नंबर. मी कागदावर सही करून 'रेसचा ब्लॉक' असं लिहून द्यावं, एवढीच त्यांची अट होती.

माझे वडील ओट्यावर बसून ऐकत होते. ते एक्क्याऐंशीचे आहेत. गृहस्थ गेल्यावर म्हणाले, "आबा कव्हय रेसमा गयथात?" आणि गप्प बसले. पैसे नकोत असं माझं नव्हतं. चाळीस हजारांत विहिरीचं आडवं बोअर होतं. पण जे माहीत नाही त्यावर सही करायची, हे मला जमेना.

त्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मी नंतर वाचून घेतलं. फोर्डने हे व्ही-८ इंजिन १९३२ साली काढलं. आठ सिलिंडरचा ब्लॉक एकाच ओतकामात काढून तो स्वस्त गाडीत बसवणं तोवर कुणाला साधलं नव्हतं. पहिलं इंजिन २२१ घन इंचांचं आणि ६५ अश्वशक्तीचं. १९३९ पासून २३९ घन इंचांचं मोठं भावंड आलं. यात वॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच असतात आणि वर नुसतं सपाट झाकण, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. लढाईनंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांना ही इंजिनं भंगारात स्वस्त मिळू लागली. त्यांनी ती जुन्या हलक्या गाड्यांत बसवून शर्यती लावल्या. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या रीतसर शर्यती सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, जी आधी पोचेल ती जिंकली. त्या पहिल्या काळात हेच फ्लॅटहेड सगळीकडे होतं. पुढे १९५१ चं क्रायस्लरचं हेमी आणि १९५५ चं शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ आलं, तसं ते मागे पडलं. तेव्हा आमच्यासारखा ब्लॉक कुणीतरी कधीतरी शर्यतीत पळवला असेल, हे शक्य आहेच. प्रश्न आमच्याच ब्लॉकचा होता.

छोट्या हत्तीत घालून, चौघांनी उचलून, मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात धुळ्याला नेला. सकाळी अकराला लोखंडाला हात लागत नव्हता. मिस्तरी सत्तरीचे असतील, चष्म्याला दोरी, खांद्यावर रुमाल. जेवत होते. कळण्याची भाकरी हातात तशीच ठेवून उठले, ब्लॉककडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला बसले. हात धुतल्यावर मी सगळी कहाणी सांगायला लागलो तर म्हणाले, "माटी भरेल शे, आत्तेच काय सांगू? पहिले धुई काढू." त्यांनी माझ्याकडून एकही गोष्ट आधी ऐकून घेतली नाही. व्यापारी काय म्हणाला, घरात काय म्हणतात, काहीच नाही. तेव्हा मला जरा राग आला होता. आता वाटतं की तेच बरोबर होतं. आधी ऐकलं असतं तर नजर त्या बाजूला गेली असती.

ब्लॉक तीन दिवस कॉस्टिकच्या गरम टाकीत होता. माती गेली, तेलाचा काळा थर गेला आणि मग निघाला पाण्याच्या जॅकेटमधला, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या पोकळीतला चुना. हा भाग मी स्वतः पाहिला, कारण त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. मिस्तरींच्या पुतण्याने वाकड्या सळईने आतून खपल्या काढल्या. पांढऱ्या-पिवळ्या, कवडीसारख्या कडक, एक सूत जाडीच्या. घमेलं भरलं. मिस्तरींनी एक खपली तोडून तिची कड मला दाखवली. झाडाच्या बुंध्यासारखे थर होते. विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं उकळल्याशिवाय हा थर बसत नाही. आमच्याकडे गिझरची कॉइल काढली की असाच थर निघतो, त्यामुळे हे मला लगेच पटलं. आणि ड्रॅगची गाडी तर काही सेकंद पळते. त्या लोकांनी वजन वाचवायला कित्येकदा रेडिएटरच काढून टाकलेला असायचा. अशा ब्लॉकच्या पोटात घमेलंभर चुना कुठून येणार?

मग मोजमाप. इथे वर्कशॉपचं खरं काम दिसलं. साध्या व्हर्नियरवर भागवलं नाही. बोअर डायल गेज लावून प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली आणि आडवा-उभा मोजला, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं, आठांची अठ्ठेचाळीस. पुतण्या वहीत लिहीत होता. झिजेच्या खालचं, जिथे रिंग पोचत नाही तिथलं माप ३.२४७ इंच आलं. २३९ घन इंचांच्या फोर्डचं मूळ बोअर ३.१८७५, म्हणजे त्यावर साठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). साठ साइज. दोनदा किंवा तीनदा रीबोअर झालेला. आणि वरच्या टोकाला झीज आणखी बारा थाऊ. मिस्तरी म्हणाले की ही झीज धुळीतल्या संथ कामाची आहे. शेंगांच्या फोलपटाची धूळ हवेबरोबर आत जायची, एअर क्लीनर नावालाच. मी विचारलं की छोट्या २२१ चं बोअर वाढवून इथवर आणलं असेल तर? त्याचं मूळ बोअर ३.०६२५, तिथून इथवर यायचं तर एकशे पंच्याऐंशी थाऊ काढावे लागले असते आणि भिंत कागदासारखी झाली असती. त्यांनी बोअरच्या भिंतीवर लहान हातोडी टिचकीसारखी मारून आवाज ऐकवला. भरीव आवाज होता. शर्यतवाले मात्र साठवर थांबत नसत. एक अष्टमांश इंच, म्हणजे सव्वाशे थाऊ काढून ३ ५/१६ चं बोअर करायचे आणि वर फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा चार इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला लांब धाव देणारा क्रँक घालायचे. आमच्या ब्लॉकमध्ये साठवर थांबलेला हात गरजेपुरतं काढणाऱ्याचा आहे.

व्यापाऱ्याच्या पहिल्या पुराव्याकडे मिस्तरी आपणहून आले, तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. वॉल्व्ह आणि बोअर यांच्या मधे खोलगट केलेला भाग त्यांनी चाचपला आणि पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने खोली मोजली. आठही ठिकाणी एकसारखी, आणि कडेची गोलाईही एकाच कटरची. हाताने ग्राइंडर फिरवला असता तर आठ ठिकाणी आठ तऱ्हा झाल्या असत्या. शर्यतवाले ज्याला रिलीव्ह करणं म्हणतात ते हेच काम, पण युद्धकाळातल्या काही ट्रकच्या ब्लॉकवर ते कारखान्यातूनच होऊन यायचं. पुतण्याने जुन्या कागदांत हे मला नंतर दाखवलं. मिस्तरींना मात्र ते कागदावरून नाही, कडेवरून कळलं होतं.

आता खुणांबद्दल. मी समजत होतो की इंजिन नंबर सापडला की काम झालं. तो या ब्लॉकवर नसतोच. १९४८ पर्यंतच्या फोर्ड व्ही-८ चा नंबर गिअरबॉक्सच्या क्लच हाउसिंगवर आणि चासीवर ठोकायचे, ब्लॉकवर नाही. आमचा गिअरबॉक्स ट्रकबरोबरच गेला. तेव्हा उरतात ओतकामातल्या उठावाच्या खुणा. मागच्या बाजूला बेलहाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाचा अर्धा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला आहे. १९४९ पासून अमेरिकेत तो सुटा यायला लागला, म्हणजे आमचा त्याच्या आधीच्या घडणीचा. हेडचे स्टड प्रत्येक बाजूला चोवीस, म्हणजे आधीच्या एकवीस स्टडवाल्यांतला नाही. आणि बेलहाउसिंगच्या माथ्यावर, गंजाच्या खाली, उठावाची अक्षरं. वायर ब्रशने घासून, वर खडूची पूड चोळून पुतण्याने ती वर आणली. सी, मग पुसट झालेला एक आकडा, मग ९, मग ए. त्या 'सी' ने सगळं फिरलं. अमेरिकन ओतकामावर तो नसतो. तो कॅनडाच्या फोर्डचा, विंडसर, ऑन्टारिओचा.

इथे मला घरातल्या एका फोटोची आठवण झाली आणि मी दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेलो. मोठ्या आत्याच्या लग्नाचा फोटो आहे. मागे ट्रक उभा, त्याचं नाक चपटं आणि समोरची काच वरून पुढे झुकलेली. या झुकलेल्या काचेमागचं कारण असं की वरून उडणाऱ्या विमानाला ती चमकून दिसू नये. लढाईतल्या कॅनडाच्या लष्करी नमुन्याच्या ट्रकांची ही केबिन. फोर्ड आणि शेव्हरोले दोघांनीही ती वापरली. कॅनडाने असे चार लाखांच्या आसपास ट्रक केले. शेव्हरोलेत सरळ सहा सिलिंडरचं इंजिन असायचं, फोर्डमध्ये २३९ चं व्ही-८, ९५ अश्वशक्तीचं. केबिन इतकी आखूड की इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधेच. वडील लहानपणी त्यात बसलेत. मी फोनवर विचारलं तर पहिली आठवण त्यांनी हीच सांगितली : "डावा पाय भाजायचा रे." ट्रक उजव्या स्टिअरिंगचा, इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. म्हणजे वडील आबांच्या मांडीवर बसलेले असायचे. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ मला काही बोलता येईना.

कॅनडाच्या फोर्डने १९२६ मध्येच भारतात कंपनी काढली होती, मुंबईत गाड्या जोडायचं काम चालायचं. लढाईत याच कॅनेडियन चासीवर जमशेदपूरला चिलखती गाड्याही बांधल्या, त्यांना टाटानगर म्हणत. लढाई संपल्यावर उरलेले ट्रक डिस्पोजलला निघाले आणि आबांसारख्या लोकांनी ते घेतले. विंडसरच्या ओतशाळेतून निघालेला ब्लॉक आग्रा रोडला आला तो असा.

ग्राइंडर लागलेली एक्झॉस्टची तोंडं आणि जादा भोकं राहिली होती. भोकांचा उलगडा मला सगळ्यांत आवडला, कारण त्याला एक साधं आटे गेज पुरलं. पुढच्या अंगाला अर्ध्या इंचाची चार भोकं. मिस्तरींनी गेजची पाती एकेक करून बसवली. एका इंचात बारा आटे. शेजारच्याच मूळच्या भोकात, जिथे वॉटर पंप बसतो त्याच्या बाजूला, तेरा. अमेरिकन अर्ध्या इंचाला तेरा आटे असतात, बारा आट्यांचा अर्धा इंच म्हणजे बीएसडब्ल्यू, विलायती आटे, जे आपल्याकडच्या प्रत्येक लेथवर त्या काळी पडायचे. कॅलिफोर्नियातल्या पोराने बीएसडब्ल्यूचा टॅप कशाला हातात घेतला असता? ही भोकं आबांच्या गव्हर्नरच्या ब्रॅकेटची असणार. शेंगा फोडायच्या यंत्रावर भार कमी-जास्त होतो, तिथे इंजिनाचा वेग धरून ठेवायला गव्हर्नर लागतोच. एक्झॉस्टची तोंडं घासली ती उभा धुराडा बसवायला, त्याच्या खालच्या प्लेटचा गोल डागही तिथे दिसतो. आणि तो ७४ चा आकडा? मिस्तरींनी मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक खालून धरून ठेवणाऱ्या टोप्या उलट्या केल्या, तिन्हींवर ७४. रीबोअरला आलेल्या कामाला नंबर ठोकतात, म्हणजे एका ब्लॉकच्या टोप्या दुसऱ्याला जात नाहीत. आजही ते तसंच करतात. त्यांच्या शेल्फावरच्या टोप्यांवर मी ते आकडे पाहिले.

भेगा शोधायची त्यांची रीत सांगतो, कुणाला घरी उपयोगी पडेल. संशय असलेल्या जागी रॉकेल लावायचं, थोडं मुरू द्यायचं, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायचं आणि वर खडूची पूड. भेगेत मुरलेलं रॉकेल खडूत वर येतं आणि काळी रेघ उमटते. आमच्या ब्लॉकवर दोन रेघा उमटल्या. दोन्ही मधल्या सिलिंडरांपाशी, वॉल्व्हच्या बैठकीपासून बोअरकडे जाणाऱ्या. या इंजिनाची ही जन्माची खोड. एक्झॉस्टचा धूर ब्लॉकच्या पोटातून, पाण्यातून फिरून बाहेर पडतो आणि मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड, त्यामुळे तिथे उष्णता साठते. कॅनडातल्या थंडीत चालून जात असेल. आपल्याकडे चव्वेचाळीस अंशांत, शेंगांनी भरलेला ट्रक घेऊन बिजासनचा घाट चढायचा म्हटल्यावर आबा दर वळणावर पाणी ओतत असतील, असं वडील सांगतात ते खरंच असणार.

तिसरी भेग आधीच दुरुस्त केलेली होती आणि ती कुणाला माहीत नव्हती. डाव्या बाजूला, एका वॉल्व्हच्या कडेने अकरा तांब्याच्या पिना ओळीने शिवलेल्या. भोक पाडायचं, आटे मारायचे, पिन फिरवून बसवायची, कापून ठोकायची आणि पुढचं भोक आधीच्या पिनेला चाटून पाडायचं. वेल्डिंग नाही, उष्णता नाही. मिस्तरींनी त्या पिनांवरून नख फिरवलं आणि नख कुठेच अडकलं नाही. बराच वेळ ते तिथेच वाकून होते. म्हणाले की त्यांचे वडील असंच शिवायचे, पण त्या काळी या लाइनवरचे चार-पाच जण असंच शिवायचे. हे काम आपल्या बापाचं आहे असं म्हणून टाकणं किती सोपं होतं! मला ते ऐकायला आवडलंही असतं. त्यांनी म्हटलं नाही.

शेवटी मी त्यांना व्यापाऱ्याचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी रुमालाने हात पुसला आणि म्हणाले, "हाऊ पयेल नही, राबेल शे." हा पळालेला नाही, राबलेला आहे.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. आठ दिवसांचा वायदा होता, एकतीस लागले. फोन उचलत नाहीत. मला नरडाण्याहून पाच खेपा झाल्या, त्यातल्या दोन फुकट गेल्या, एकदा तर शुक्रवारी गेलो आणि कुलूप. शुक्रवारी बंद असतं, पाटीवर लिहा असं मी पुतण्याला सांगून आलोय. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात पत्र्याखाली दहा मिनिटं उभं राहवत नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. मोजमापाची वही ते स्वतःकडे ठेवतात, मी हट्ट केला म्हणून फोटो काढू दिला. तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या. खर्च असा : धुलाई बाराशे, प्रेशर आणि भेगांची तपासणी आठशे, मोजमाप सहाशे, टोप्या आणि आटे साफ करणं आठशे. माहितीचे पैसे त्यांनी लावले नाहीत. मी त्याचे वेगळे द्यायला लागलो तर त्यांनी हात मागे घेतला.

व्यापारी गृहस्थांना मी फोन करून जसंच्या तसं सांगितलं : कॅनडाचा ब्लॉक, लष्करी ट्रकचा, नंतर शेंगांच्या यंत्राचा. ते म्हणाले की हरकत नाही, तरीही रेसचा म्हणून लिहून दे, तीस देतो. मी नाही म्हणालो. मिस्तरींनी बिलाच्या मागे पेन्सिलने लिहून दिलंय, 'फोर्ड व्ही-८, कॅनडा, २३९, साठ साइज, ट्रक', आणि खाली तारीख. हा कागद मी आत्याच्या लग्नाच्या फोटोच्या फ्रेममध्ये मागून सरकवला. वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "रेसना नही शे ना?" मी नाही म्हटलं. "मंग आबानाच शे," म्हणाले आणि संध्याकाळी काठी टेकत खळ्यात जाऊन ब्लॉकच्या रिकाम्या जागेकडे पाहून आले.

ब्लॉक अजून धुळ्यातच आहे. दोन भेगा शिवायला मिस्तरींनी साडेपाच हजार सांगितलेत, पिना तांब्याच्याच घालणार आहेत, जुन्या अकरांच्या शेजारी. आबांच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला क्रँक सापडलाय, तो मी सोमवारी घेऊन जाणार. हेड एकच आहे, दुसऱ्याचा पत्ता नाही. चोवीस स्टडचं, २३९ चं उजव्या बाजूचं हेड साक्री, शिरपूर, सेंधवा, कुठल्याही खळ्यात कुणाला दिसलं तर मिस्तरींकडे निरोप ठेवा. शुक्रवार सोडून.